टाचेचा ठेका

जनूमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी दापोड्याच्या आमच्या गोदामात उभी होते. समोर एक ट्रक उलटा येत होता, त्याचा क्लीनर "आने दो, आने दो" करत पत्र्यावर थापा मारत होता, आणि त्या गोंगाटात कशेळीहून बोलणाऱ्या, मामांच्या शेजारच्या वहिनींचा आवाज मला नीट ऐकूच येईना. "ताई, बाबा उठलेच नाहीत हो सकाळी... चहा घेऊन गेले तर हात गार." मी ट्रक नीट लागेपर्यंत थांबले, चलनावर सही केली, मग ऑफिसात येऊन खुर्चीत बसले. अशा वेळी काय वाटलं ते लिहिताना लोक पायाखालची जमीन सरकली वगैरे लिहितात. मला पहिल्यांदा जे वाटलं ते मी सरळ सांगून टाकते, नाहीतर पुढचं काहीच खरं वाटणार नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. आता तो एक प्रश्न मला कुणी विचारणार नाही, असं वाटलं. त्यानंतर रडू आलं, आणि ते मात्र बराच वेळ आवरेना.

त्याला आता सात आठवडे होतील. या पुरवणीच्या संपादकबाई म्हणाल्या, तुमचे मामा म्हणजे आपल्या भागातले पहिले जॅझवाले, त्यांच्यावर लिहा. मी म्हटलं, बाई, मी गोदामवाली, मला चलन लिहिता येतं. त्या म्हणाल्या, तसंच लिहा. म्हणून लिहिते आहे. मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ जनार्दन. अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी गेले. मामी आधीच गेल्या होत्या, पोरबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांचं सगळं बघायला मीच. मला ते 'बाय' म्हणायचे. आमच्याकडे कुठल्याही पोरीला बाय म्हणतात, पण साठीला आलेल्या बाईला बाय म्हणणारं माणूस गेलं की घरात आपणच सगळ्यांत मोठे उरतो, हे मला या सात आठवड्यांत कळलं.

कशेळीला आज जिथे कंटेनरांची रांग संपता संपत नाही, तिथे मामांच्या लहानपणी मिठागरं होती आणि खाडीत रेतीच्या होड्या. त्यांचे वडील होडीवर, आई लग्नांत धवले गाणारी धवलारीण. धवलारणीने गायल्याशिवाय आमच्या आगऱ्यांत लग्न लागत नसे. मामा अनवाणी पायाने मिठागरात राबले, मग रेती घेऊन मुंबईला जाऊ लागले. तिथे एका मोठ्या हॉटेलात नाचाच्या हॉलची दुरुस्ती चालली होती आणि रेती टाकायचं काम यांच्याकडे आलं. दुपारी आत बँडची तालीम चाललेली. डोक्यावर रेतीचं घमेलं घेऊन मामा दारात जे थबकले ते थबकलेच. बँडचे पुढारी होते सांतान मास्टर, गोव्याचे, ट्रम्पेट वाजवायचे. त्यांनी पाहिलं की दारातला हा काळा किडकिडीत पोरगा टाचेने ठेका धरतो आहे आणि घमेल्यातली रेती चिमूटभरही सांडत नाही. मास्टर म्हणाले, "ते खाली ठेव आणि आत ये." हे सांगताना मामा दर वेळी घमेलं उतरवल्याचा अभिनय करायचे, अगदी मान मोडून दाखवायचे. मास्टरांनी त्यांना ट्रम्पेट फुंकायला शिकवलं, कागदावरची स्वरलिपी वाचायला शिकवली, आणि बूट घालायला शिकवलं. यातलं तिसरं सगळ्यांत अवघड गेलं म्हणे.

मास्टर छातीच्या दुखण्याने गोव्याला परतले तेव्हा बँड त्यांनी या खाडीवरच्या पोराच्या हाती दिला. आठ जणांचा बँड, त्यातले सहा जण मामांपेक्षा वयाने मोठे, आणि त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. हॉटेलच्या मॅनेजरने जनार्दनचा जॉनी केला, पांढरा कोट शिवून दिला. इकडे कशेळीत कितीतरी दिवस लोकांचा समज होता की जनू हॉटेलात वेटर झाला, कारण एकाने त्या कोटातला फोटो पाहिला होता. मामांनी तो समज कधी दुरुस्त केला नाही. "वेटर म्हनलं की लोकांना कलतं तरी," म्हणायचे, "फॉक्सट्रॉट म्हनजे काय ते कोनाला सांगत बसू?" मला त्यांनी सांगितलं होतं. म्हणजे उभं राहून, माझा हात धरून, दोन पावलं सावकाश आणि दोन झटपट टाकून दाखवली होती. तेव्हा मी कॉलेजात होते आणि लाजेने मेले होते.

मामांच्या बँडची रेकॉर्ड निघाली ती एकच. लाखेची, काळी, जड, दोन बाजूंना दोन चिजा. एका बाजूला त्यांनी स्वतः बांधलेला 'खाडी फॉक्सट्रॉट', दुसऱ्या बाजूला आईच्या गळ्यातला एक धवला, सावकाश नाचता येईल अशा चालीवर बसवलेला. धवल्यावर गोरे-पारशी लोक कमरेत हात घालून नाचले असतील, या कल्पनेने आजीला शेवटपर्यंत हसू येत असे. रेकॉर्डिंगची गोष्ट मामांकडून मी शंभर वेळा तरी ऐकली असेन. खोलीत मायक्रोफोन एकच. ट्रम्पेट जोरकस, म्हणून मामांना लांब मागच्या भिंतीशी उभं केलं, तोंड कोपऱ्याकडे. ड्रमवर घोंगडी. लाल दिवा लागला की सुरू करायचं आणि तीन मिनिटांत संपवायचं, कारण तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावतं. रेकॉर्डिंगवाल्या साहेबांनी सगळ्यांना बूट काढायला लावले, पायांचा आवाज नको म्हणून. मामांनी खुशीने काढले. आणि तिथेच घोळ झाला. बाकीच्यांचे पाय मऊ, मामांची टाच मिठागरात भाजून निघालेली, खुरासारखी टणक. सवयीने ती लाकडी जमिनीवर ठेका देऊ लागली. साहेब काचेआडून बघताहेत, कोण काठी आपटतंय? फॉक्सट्रॉटच्या वेळी सापडलं नाही. धवल्याच्या वेळी सापडलं, पण तोवर वेळ संपला होता, पुन्हा घ्यायला मुभा नव्हती. टाच तशीच रेकॉर्डमध्ये गेली. "जगातल्या सगल्या बँडी ऐकल्या मी," मामा म्हणायचे, "कोनाच्या रेकॉर्डीत टाच न्हाय." या गोष्टीची त्यांना शरम होती की अभिमान, हे मला कधी ठरवता आलं नाही.

रेकॉर्ड चालली नाही. कंपनीने एक प्रत हातात दिली आणि विषय संपला. पुढे हॉटेलातले नाचही आटले, बँड पांगला, आणि मामा ट्रम्पेट आणि एक पत्र्याची पेटी घेऊन परत आले. पेटीत दुसऱ्या बँडांच्या चाळीसेक रेकॉर्डी, सांतान मास्टरांनी गोव्याला जाताना दिलेल्या. ऐकून ऐकून मामा त्यांवरच शिकले होते. "ही माजी शाला," असं ते पेटीला म्हणत.

मग त्यांनी भिवंडीत बँड काढला, आणि माझ्या मते त्यांचं खरं काम ते. धामणकर नाक्याजवळ एका लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यावर माळ्याची खोली घेतली. वाजवायला माणसं कुठून आणायची? खालूनच. लूम चालवणारे, बॉबिन भरणारे, कुणी बिहारचा, कुणी आझमगढचा, दोघे आमचे आगरी. क्लॅरिनेटवर युनूसचाचा, जे दिवसा लूम दुरुस्त करायचे. शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी दुपारी तालीम. इतर दिवशी खालचा खडखडाट इतका की वाजवलेलं वाजवणाऱ्यालाच ऐकू जात नसे. पण तो खडखडाट त्या लोकांच्या अंगात भिनलेला होता, सगळे घड्याळासारखं सरळ वाजवायचे. मामा सांगायचे, "लूम सरल चालतो. आपून जरा लंगरायचं. एक पाय आखूड हाय असं समजा नि चाला." सगळा जॅझ त्यांनी या एका वाक्यात शिकवला. मी तेव्हा भिवंडीच्या कॉलेजात होते, शुक्रवारी बसची वाट बघायला त्या खोलीत जाऊन बसायचे. मामा कुणावर ओरडल्याचं मला आठवत नाही. वाजवता वाजवता मध्येच हात वर करून सगळ्यांना थांबवायचे, एखाद्याकडे बघायचे आणि विचारायचे, "ठीक हाय ना?" तो माणूस मान खाली घालून काहीतरी पुटपुटायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं. मला वाटायचं, किती मायेची चौकशी करतात आमचे मामा. दमलेल्या माणसांना असं विचारायला पाहिजे.

हळदीला हा बँड वाजू लागला तेव्हा लोक वैतागले होते. आमच्यात हळद म्हणजे नाच, आणि नाच म्हणजे दमून पडेपर्यंत. आणि हे महाशय कुठलीही चीज तीन मिनिटांत संपवणार! लाल दिवा त्यांच्या डोक्यातून गेलाच नव्हता. ऐन रंगात ट्रम्पेट खाली. "जनूदादा, आता तं सुरू जालं व्हतं!" "जालं. दुसरं घ्या." आधी भांडणं झाली, एका ठिकाणी वरबाप चक्क हात जोडून उभा राहिला. मग हळूहळू कशेळी-काल्हेरची माणसं तीन मिनिटांचा नाच शिकली. माझ्या स्वतःच्या हळदीला हाच बँड होता. मामांनी माझ्यासाठी तो धवला वाजवला, तीन मिनिटांत संपवला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ ट्रम्पेट पुसत उभे राहिले. पुढे बँजो पार्ट्या आल्या, मग डीजे आले. बँड कुणी मोडला नाही, नुसती बोलावणी येईनाशी झाली.

आता माझ्या कर्तबगारीकडे येते. अकरा वर्षांपूर्वी कशेळीचं मामांचं जुनं घर पाडून तिथे इमारत उठायची ठरली. सामान कुठे ठेवायचं? मी छाती पुढे काढून म्हटलं, मामा, आमच्या गोदामात सुई ठेवलीत तरी हरवणार नाही. ते पेटी घेऊन स्वतः आले. "सांभाल हां बाय. शाला हाय माजी." त्यांची ती एकुलती रेकॉर्डही त्याच पेटीत असणार, हे मी गृहीतच धरलं, विचारलंसुद्धा नाही. आता आम्ही पडलो खाडीकाठचे. पाणी घरात शिरलं की काय होतं ते आम्ही पिढ्यान् पिढ्या बघितलेलं. एका महापुरात तर माझ्या सासरचं कपाट तरंगलं होतं. म्हणून जी वस्तू जिवापाड जपायची ती आम्ही उंचावर ठेवतो. मी ती पेटी सगळ्यांत वरच्या रॅकवर, थेट पत्र्याखाली चढवली. पाणी नाही, ओल नाही, उंदीर नाही. मी इतकी खूश होते की घरी येऊन नवऱ्याला सांगितलं.

मे महिना संपल्यावर काही कारणाने शिडीवर चढले आणि सहज पेटी उघडली. लाख ती लाख, आणि वर तापलेला पत्रा. वरच्या पाच-सहा तबकड्या वाकून वाट्या झाल्या होत्या, कडा लाटांसारख्या वरखाली. खालच्या एकमेकींत बसलेल्या. खालपर्यंत बघायची मला हिंमत झाली नाही. झाकण लावलं आणि शिडीवरच बसून राहिले. पाण्याला भिऊन मी मामांचा सगळा जन्म भाजून काढला होता.

सांगायला हवं होतं. त्याच दिवशी कशेळीला जाऊन, पाय धरून सांगायला हवं होतं. मी ठरवलं, आधी दुसरी प्रत शोधू, मग सांगू. मुंबईतल्या जुन्या रेकॉर्डी विकणाऱ्या दोघातिघांकडे गेले. एकाने नाव ऐकून विचारलं, हा कोण? मग दिवाळी आली, दिवाळीत कसं सांगायचं. मग मामी आजारी पडल्या, मग गेल्या. आणि दरम्यान, मामांकडे गेले की कधी चहा पिता पिता, कधी मी निघताना चपला घालत असताना ते विचारायचे, "बाय, रेकॉर्डी ठीक हायेत ना?" "हो मामा, ठीक आहेत." पहिल्यांदा म्हणताना घाम फुटला होता. पुढे सवय झाली. नाही... सवय झाली असं म्हणते, पण खरं तर मी त्यांच्याकडे कमी कमी जाऊ लागले. सगळं पाठवायचे, औषधं, मासळी, दिवाळीचा फराळ. स्वतः जाणं टाळायचे. ज्या माणसाने माझ्या हळदीला धवला वाजवला त्याच्या घराची पायरी मी एका प्रश्नाच्या भीतीने चुकवत होते, याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट माझ्या आयुष्यात दुसरी नाही.

शेवटची भेट ते जाण्याआधी दहा दिवस. दुपारची वेळ होती, मामा पलंगावर उशीला टेकून बसले होते. शेजारच्या टेबलावर त्यांची ती काळी वाटी, वेड्यावाकड्या कडेची, तिच्यात कायम गोळ्यांच्या पट्ट्या आणि चष्मा. मी पट्ट्या नीट लावत होते. मामांचा आवाज खोल गेला होता, पण त्यांनी विचारलंच. "बाय... रेकॉर्डी ठीक हायेत ना?" मी त्यांच्याकडे बघितलं. तेही बघत होते, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. शब्द अगदी ओठांवर आले होते. मग वाटलं, अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला आता हे ऐकवून काय मिळवायचं? "ठीक आहेत, मामा." "बरं," ते म्हणाले आणि खिडकीकडे वळले. घरी येताना कशेळीच्या पुलावर दीड तास गाडी अडकली आणि त्या दीड तासात मी स्वतःला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की विचारू नका.

तर, फोन आला तेव्हाचं ते सुटणं असलं होतं. ते दोन दिवससुद्धा टिकलं नाही. प्रश्न विचारणारा गेला आणि प्रश्न माझ्याकडेच राहिला. दिवसकार्य झालं, तेरावं झालं, मी गोदामात त्या रॅककडे मान वर करून बघत नसे.

मामा गेल्यावर महिन्याभराने एका दुपारी ऑफिससमोर रिक्षा थांबली आणि युनूसचाचा उतरले. आता पंचाहत्तरी उलटलेली, ऐकू जवळजवळ येत नाही. एका हातात लाकडी खोका, काखेत कोऱ्या कापडात बांधलेलं काहीतरी चपटं. "लूमने कान खाऊन टाकले, बेटी," बसता बसता म्हणाले, "जोराने बोल, माझ्याकडे बघून बोल." मग त्यांनी कापड सोडलं. आत रेकॉर्ड. काळी, सपाट, नीट. मधल्या कागदावर मामांचं हॉटेलातलं नाव.

मी तिला बोट लावून बघितलं. "ही... ही तर पेटीत होती."

"पेटीत कधीच नव्हती," चाचा म्हणाले. "ही घरोघर फिरते. पहिल्यापासून." मग त्यांनी सांगितलं ते असं. बँड नवा होता तेव्हा प्रत एक आणि शिकणारे सहा. म्हणून मामांनी भिशीसारख्या पाळ्या लावल्या. रेकॉर्ड आणि या खोक्यातला चावीचा ग्रामोफोन दोन महिने एकाच्या घरी, त्याने आपला भाग ऐकून ऐकून बसवायचा, मग दुसऱ्याच्या घरी. बँड बंद पडला तरी पाळ्या बंद पडल्या नाहीत. माणसं गेली, त्यांच्या बायका-मुलांनी चालू ठेवल्या. कुणाला त्यातलं काही कळतं म्हणून नव्हे, पाळी आली की घ्यायची, संपली की पुढे द्यायची. मामा स्वतः बाजूला राहिले होते. मला पाठ आहे, तुम्ही ऐका, म्हणायचे. "पर उस्ताद बोलले, मी गेल्यावर एक पाळी बायची. तर ही तुझी पाळी. दोन महिने."

मला हसावं की रडावं ते कळेना. अकरा वर्षं मी ज्या रेकॉर्डीच्या खुनाचा आळ स्वतःवर घेऊन फिरत होते ती भिवंडीत सुखाने नांदत होती! पण लगेच दुसरं आठवलं. शाळा तर भाजलीच होती. मी चाचांच्या समोर तोंड करून, मोठ्याने, सगळं सांगितलं. पेटी, पत्रा, वाट्या. आणि खोटं बोलले तेही.

चाचा शांतपणे माझे ओठ वाचत होते. "मालूम आहे," म्हणाले. "उस्तादला पण मालूम होतं. दहा-अकरा साल झाले असतील. आम्ही दोघे आलो होतो इथे, तू कुठे शादीला गेली होतीस. वॉचमनने शिडी लावली. उस्तादने पेटी खोलली, आणि इतके हसले, इतके हसले, की गोणीवर बसून गेले. बोलले, युनूस, आमची बाय पाण्याला भिते. मग वरची एक घेऊन गेले. त्यांच्या टेबलावर नाही का, दवाई ठेवायची?"

ती काळी वाटी! दर खेपेला मी तिच्यातल्या गोळ्या लावल्या, तिच्यावरची धूळ पुसली. प्लॅस्टिकची कसली तरी गबाळी वाटी, फेकून द्यावी, असंही एकदा बोलून दाखवलं होतं. शहाणपणाचा माझा लौकिक गावात आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

"मग ते मला विचारायचे कशाला?" मी म्हटलं. "दर वेळी... ठीक हायेत ना, ठीक हायेत ना?"

चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की हिला एवढंही ठाऊक नाही? "बेटी, तू बैठायची ना तालमीला? उस्ताद कधी ठीक हाय ना विचारायचे? कोणी बरोबर वाजवलं तर कधीच नाय विचारायचे. सूर चुकला तरच. तू चुकला असं त्यांनी जिंदगीत कोणाला सांगितलं नाही. विचारायचे आणि थांबायचे. आपण बोलायचं, हां उस्ताद, गलती झाली. बस. ते बोलायचे, मंग पुन्ना घेऊ. गुस्सा नाय, काय नाय. पुन्ना पहिल्यापासून."

गोदामात त्या वेळी कुठलासा माल उतरत होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं. अकरा वर्षं मामा हात वर करून थांबले होते. शेवटच्या दुपारीही तसेच थांबले होते, जरा जास्त वेळ.

चाचांनी खोका उघडून चावी भरली. धवल्याची बाजू लावली. खरखर झाली, मग आत खोल कुठूनतरी, कोपऱ्याकडे तोंड करून वाजवलेला तो ट्रम्पेट. आजीचा धवला, एक पाय आखूड असल्यासारखा, लंगडत, डुलत. चाचांनी तळहात खोक्याच्या लाकडावर पसरून ठेवला होता, ते तसंच ऐकतात आता. शेवटाकडे सगळी वाद्यं खाली आली आणि मला ती ऐकू आली. ठक... ठक... ठक. त्याच क्षणी चाचांनी दुसऱ्या हाताने खूण केली. त्यांना ती हाताला लागली होती. "उस्तादची एडी," ते म्हणाले.

मी त्या टाचेला उद्देशून, मोठ्याने, माझ्या माहेरच्या बोलीत म्हटलं, "न्हाय मामा. ठीक न्हायेत. वाकल्या. माज्याच हातानं वाकल्या."

तीन मिनिटं संपली. चाचा माझ्या तोंडाकडे बघत होते. "बोललीस?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. "मंग पुन्ना घेऊ," ते म्हणाले, आणि त्यांनी सुई उचलून परत पहिल्या रेघेवर ठेवली.

माझी पाळी अजून सव्वा महिना आहे. मग रेकॉर्ड नाक्यापलीकडच्या एका घरी जाईल, ड्रम वाजवणाऱ्याच्या सुनेकडे. ती म्हणे रेकॉर्ड लावून स्वयंपाक करते. पेटी मी रॅकवरून खाली आणली आहे. खालच्या चार तबकड्या वाचल्या आहेत, त्याही पाळीत घालणार. मामांच्या टेबलावरची वाटी आता माझ्या टेबलावर आहे, तिच्यात गोदामाच्या किल्ल्या असतात. परवा एक नवा ड्रायव्हर सहीला आला आणि वाटीकडे बघत म्हणाला, "मॅडम, हे काय आहे?" मी म्हटलं, "रेकॉर्ड आहे. माझ्या मामांची. माझ्यामुळे वाकली." "वाजेल का?" त्याने विचारलं. म्हटलं, "ही नाही वाजायची. पण तू विचारलंस ते बरं केलंस."